घाटातले किलोमीटर

एसटीच्या सातारा विभागात अकरा आगारे आहेत. त्यांतली दोन शेजारी ठेवून पाहिली, तर एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख नांदताना दिसतात. पूर्वेला माण तालुक्यातले दहिवडी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उघडे माळ, उन्हाळाभर रस्त्याकडेची धूळ. पश्चिमेला जावळी तालुक्याचे ठाणे असलेले मेढा. वेण्णेच्या काठचे हे गाव सोडले की केळघर लागते, तिथून घाट चढून रस्ता महाबळेश्वराला जातो, आणि तिथला वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. दहिवडीच्या गाडीला धूळ खाते, मेढ्याच्या गाडीला पाणी आणि उतार खातो. तरीही या दोन्ही गाड्यांनी किती काम केले आणि आता त्यांना किती देखभाल हवी, हे ठरवताना पहिला आकडा विचारला जातो तो किलोमीटरचा. हे माप घाटातल्या आगाराला अपुरे पडते, असे माझे म्हणणे आहे. जे कमी पडते ते कार्यशाळेतला कारागीर आजवर आपल्या अनुभवाने भरून काढत आला आहे. तो अनुभव आता नोंदवहीत उतरायला हवा.

किलोमीटरचे माप रूढ झाले त्याला सबळ कारण आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एसटीची पहिली बस सुटली, आणि त्यानंतर ही सेवा वाढत वाढत ३१ विभाग आणि सुमारे अडीचशे आगारांपर्यंत पोहोचली. एवढ्या पसाऱ्यात सगळ्यांना लागू पडेल, कोणालाही मोजता येईल आणि ज्यावर वाद होणार नाही असे एक माप लागतेच. म्हणून गाड्या मार्गात बंद पडण्याचे प्रमाण दर दहा हजार किलोमीटरला काढतात, अपघातांचे दर लाख किलोमीटरला. डिझेलचा हिशोब केपीटीएलमध्ये, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर, असा होतो. टायर किती धावला, इंजिनाचे ऑइल कधी बदलले, क्लच प्लेट किती टिकली, सगळे किलोमीटरवर. दैनंदिन तपासणी आणि डॉकिंगसारखी मोठी देखभाल यांची वेळापत्रकेसुद्धा दिवस आणि किलोमीटर यांच्या आधारानेच आखली जातात. सपाटीवर हे ठीक चालते, कारण तिथे एक किलोमीटर साधारण दुसऱ्या किलोमीटरसारखाच असतो. घाटात तसे नसते.

मेढा ते महाबळेश्वर हे अंतर तीसेक किलोमीटर, आणि दोन्हींच्या उंचीत सुमारे सहाशे मीटरचा फरक. भरलेली बस चौदा टनांची धरू. ती वरून खाली येते तेव्हा तिच्या उंचीत साठलेली जी ऊर्जा मोकळी होते, ती आठ कोटी ज्यूलच्या वर भरते. एवढ्या उष्णतेने अडीचशे लिटर पाण्याला उकळी येईल. दुसऱ्या तऱ्हेने पाहू. ताशी पन्नास किलोमीटरने धावणारी तीच बस ब्रेक लावून पूर्ण थांबवली, तर ब्रेकवर साडेतेरा लाख ज्यूलच्या आसपास भार पडतो. म्हणजे एकदा घाट उतरणे हे सपाटीवर साठ वेळा गाडी थांबवण्याइतके झाले, आणि तेही मध्ये थंड व्हायला पुरेशी उसंत न मिळता. यातला काही भाग टायरांचे घर्षण आणि हवेचा विरोध खातात, हे खरे. उरलेल्यातला मोठा भाग इंजिनावर टाकता येतो, म्हणून तर घाट खालच्या गियरमध्ये उतरायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. पण सगळा भार ब्रेकवरच पडला तर काय होईल? चार चाकांचे ड्रम मिळून दोनशे किलोचे बीड धरले आणि उष्णता बाहेर पडायला वाटच नाही असे मानले, तर त्यांचे तापमान नऊशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्याने ड्रम निवत राहतात आणि तापमान तिथवर जात नाही. मात्र ड्रमला घासून गाडी रोखणाऱ्या लायनरची पकड त्याच्या कितीतरी आधीच सुटू लागते.

इथे केपीटीएलचा एक अवघड पेच आहे. डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची ही सवय जुनी आणि सर्वदूर आहे. ती धोक्याची आहे, आणि तिच्यामागचा हिशोबही चुकीचा आहे. गाडी गियरमध्ये ठेवून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि डिझेलचा पुरवठा पंप किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तोडून टाकते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, आणि इंजिनाने पेलायचा भार लायनरवर येतो. चालकाच्या कौशल्यावर घाटातली सुरक्षितता अवलंबून आहे असे म्हणतात, ते बरोबरच आहे. पण चालकाच्या पायाखाली जो ब्रेक आहे तो किती शिल्लक आहे, हे चालकाला आतून दिसत नाही. ते गाडीखाली उतरणाऱ्यालाच दिसते.

गाडीखाली काय दिसते ते जरा जवळून पाहू. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. पेडल दाबले की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि एक दांडा बाहेर ढकलते. दांडा स्लॅक अॅडजस्टर नावाचा आखूड लोखंडी हात फिरवतो, त्याने इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम वळतो, आणि कॅम दोन्ही शू पसरवून लायनर ड्रमला भिडवतो. कारागीर गाडीखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये उतरतो, वरच्याला पेडल दाबायला सांगतो आणि दांडा किती बाहेर येतो ते मोजतो. लायनर झिजत जाईल तसा दांडा जास्त बाहेर येऊ लागतो. आता घाट मध्ये आणा. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा ड्रम अडीचशे अंशांनी तापला, तर त्याचा व्यास एक मिलिमीटरने वाढतो. ऐकायला हे काहीच नाही. पण तेवढे जास्तीचे अंतर भरून काढायला दांड्याला त्याच्या कित्येक पट पुढे सरकावे लागते. आगारात गार असताना मर्यादेच्या काठावर असलेला ब्रेक घाटाच्या मध्यावर मर्यादेपलीकडे जातो. दांडा टोकाला पोहोचला की चालकाने पेडल कितीही दाबले तरी शूवर आणखी जोर येत नाही. म्हणजे सपाटीसाठी ‘पास’ असलेले मोजमाप घाटासाठी ‘नापास’ ठरू शकते, आणि सपाटीवरच्या व घाटातल्या अशा दोन्ही गाड्यांच्या मीटरवर किलोमीटर सारखेच असू शकतात.

गाडीचा भार आणि धक्के पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचीही तीच गोष्ट आहे. वळणावर गाडीचा भार एका बाजूच्या पाट्यांवर येतो, खड्ड्यात चाक आपटले की त्यावर झटका बसतो, आणि पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत पाणी साचते. पाटा एकदम तुटत नाही. आधी केसाएवढी भेग पडते. तुटलेला पाटा हातात घेतला की जाणत्या कारागिराला त्याचा इतिहास वाचता येतो. तुटलेल्या तोंडाचा जो भाग गंजलेला, तांबूस, ती भेग आधीपासून होती. जो भाग चकचकीत आणि खरखरीत, तो आज तुटला. गंजलेला भाग मोठा असेल तर हा पाटा आधीच्या तपासणीतही तडकलेला असणार, चिखलाच्या थराखाली तो दिसला नाही एवढेच. म्हणून घाटातल्या आगारात गाडी धुणे हा देखाव्याचा भाग नसून तपासणीचा पहिला टप्पा असतो. पावसाळ्यात एअर टाकीतले पाणी काढणेही तसेच. महाबळेश्वरच्या धुक्यातली ओली हवा कॉम्प्रेसर ओढतो, ती टाकीत निवते आणि पाणी तळाशी जमते. ते काढले नाही तर हवेला जागा कमी राहते, झडपा गंजतात. हवा कोरडी ठेवणारा ड्रायर असलेल्या गाडीत त्याचे काडतूस इथे दहिवडीपेक्षा लवकर संपणार, हे उघड आहे. दहिवडीत याच्या उलट, एअर फिल्टर आधी भरतो. फिल्टरमधून निसटलेली धूळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते, आणि त्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तर सिलिकॉनचे वाढलेले प्रमाण ती चुगली करते.

काम मोजायला किलोमीटर अपुरे आहेत, ही कल्पना मुळीच नवी नाही. केळघर घाटाच्याच रस्त्यावर काम करणाऱ्या दुसऱ्या यंत्रांनी ती केव्हाच मान्य केली आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, केळघर घाटात दरडी आल्या, रस्ता बंद पडला. अशा वेळी रस्ता मोकळा करायला येतात ते जेसीबी आणि पोकलेन. पोकलेन दिवसभर एका जागी उभा राहून शेकडो टन दगडमाती बाजूला सारतो, आणि संध्याकाळी त्याने कापलेले अंतर असते काही मीटर. त्याची देखभाल किलोमीटरवर ठरवली तर त्याचे ऑइल कधी बदलायचेच नाही. म्हणून अशा यंत्रांवर तासांचे मीटर असते आणि अडीचशे, पाचशे, हजार तास असे देखभालीचे टप्पे असतात. शिवाय नुसत्या तासांवरही जाणता मेकॅनिक थांबत नाही. मऊ मातीतले हजार तास आणि काळ्या पाषाणातले हजार तास यांत बकेटच्या दातांची, पिन-बुशची आणि साखळीची झीज अगदी वेगळी असते. जड यंत्रांच्या धंद्याने कामाला साजेसे माप निवडले, त्याचे कारण व्यवहारी आहे. मालकाचे यंत्र बंद पडले की त्याचे नुकसान त्याच दिवशी रुपयांत दिसते. बसच्या बाबतीत नुकसान विखुरते. घाटात बंद पडलेल्या गाडीतले प्रवासी तासभर पावसात उभे राहतात, पुढच्या गावची फेरी रद्द होते, मुलांचा पेपर चुकतो, पण आगाराच्या तक्त्यात ती फक्त एक ‘मार्गात बंद’ अशी नोंद असते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. घाटासाठी वेगळे वेळापत्रक म्हणजे गाडी जास्त वेळ आगारात, म्हणजे कमी फेऱ्या. आधीच गाड्यांची चणचण असलेल्या तालुक्याला हे परवडणार कसे? आक्षेप गंभीर आहे, कारण जावळीसारख्या तालुक्यात, जिथे घरटी कोणी ना कोणी मुंबईला कामाला आहे, तिथे एसटीची फेरी रद्द होणे ही लहान गोष्ट नाही. पण प्रश्न जास्त देखभालीचा नाही, देखभालीच्या वाटणीचा आहे. मेढ्याच्या गाडीचे ब्रेक आणि पाटे जास्त वेळा पाहायचे तर तिचा एअर फिल्टर पावसाळ्यात कमी वेळा पाहिला तरी चालेल. दहिवडीत उलटे. सगळीकडे सारखे माप लावले की एका आगारात गरज नसलेले काम होते आणि दुसऱ्या आगारात गरजेचे काम राहून जाते. वाया जाणारे मनुष्यतास दोन्हीकडे मोजले, तर वेगळे वेळापत्रक महाग ठरेलच असे मानायला आधार नाही. डिझेलच्या बाबतीत घाटातल्या गाडीची सरासरी कमी येणार हे सगळेच गृहीत धरतात. जो चढ डिझेल खातो तोच उतरताना लायनर खातो. एक मान्य केले तर दुसरे नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून मोलाचा आहे, आणि तो कार्यशाळेतूनच येईल. ‘हे आम्ही करतोच आहोत. केळघरवरून आलेल्या गाडीचे ड्रम आम्ही आधी पाहतो, त्याला कागद कशाला?’ हे खरे आहे, आणि घाटातल्या आगारांचा कारभार इतकी वर्षे सुरळीत राहिला याचे मोठे श्रेय या न लिहिलेल्या शहाणपणाला आहे. प्रमुख कारागिराच्या नाकाला जळक्या लायनरचा वास दुरून येतो. चाकाच्या नटावर हातोडी मारली की बद्द आवाजावरून सैल नट कळतो. पण या शहाणपणाची अडचण अशी की ते माणसाबरोबर निवृत्त होते किंवा बदलीवर जाते. आयटीआयमधून येणाऱ्या मुलाने मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तो आगारात येतो. अभ्यासक्रमात त्याला एअर ब्रेक शिकवलेला असतो, केळघर घाट शिकवलेला नसतो. ते त्याने कोणाकडून शिकावे, हे त्या वर्षी कार्यशाळेत कोण आहे यावर अवलंबून राहते.

आणि काही गोष्टी तर अनुभवाने शिकण्यासारख्या नसतातच. पोकलेनच्या हायड्रॉलिक होजमध्ये तेलाचा दाब तीनशे बारच्या घरात असतो. होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर बाहेर येणारी धार डोळ्यांना दिसत नाही. गळती कुठे आहे हे बोटाने चाचपायला गेले की ते तेल कातडीतून आत घुसते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून. बसच्या मागच्या चाकांवर हँडब्रेकसाठी जे स्प्रिंग चेंबर असते, त्यातही जाडजूड स्प्रिंग प्रचंड दाबाखाली कोंबलेली असते. ती बोल्टने बांधून न घेता चेंबर खोलले तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. हे दोन्ही नियम कारागिराच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. ते उत्पादकांच्या पुस्तिकांत लिहून ठेवलेले असतात, कारण इथला पहिला अनुभवच शेवटचा ठरू शकतो. घाटातल्या ब्रेकची मर्यादा याच जातीची आहे. ती चुकली तर बसमधली चाळीस-पन्नास माणसे त्या चुकीखाली येतात. मग तिची नोंद तोंडी ठेवणे कसे चालेल?

तिसरा आक्षेप नव्या तंत्राचा. आता गाड्यांत आपोआप जुळणारे स्लॅक अॅडजस्टर असतात, १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष आले, सेन्सर स्वतःच बिघाड दाखवतात, आणि विजेवरच्या बस आल्यावर तर हा सगळा विषयच मिटेल, असे वाटणे साहजिक आहे. आपोआप जुळणाऱ्या अॅडजस्टरचा फायदा मोठा आहे, यात शंका नाही. पण त्यात एक सापळा आहे. असा अॅडजस्टर नीट काम करत नसेल तर दांडा जास्त बाहेर येतो, आणि जुन्या सवयीचा माणूस पान्याने तो हाताने जुळवून मोकळा होतो. मोजमाप त्या दिवशी बरोबर येते, मूळ बिघाड मात्र झाकला जातो आणि दांडा थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतो. म्हणजे नव्या यंत्रात हाताने जुळवण्याची वेळ येणे हाच बिघाडाचा इशारा समजायला हवा, आणि तो इशारा कळायचा तर या गाडीचा दांडा मागच्या वेळी किती होता याची नोंद हवी. बीएस-६ च्या गाडीत धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये अडवतात आणि धूर पुरेसा गरम झाला की ती जाळून टाकतात. घाट उतरताना इंजिनात डिझेल जवळजवळ जळतच नसते, धूर थंड असतो. गावोगावी थांबत जाणाऱ्या गाडीत तो पुरेसा गरम होईलच असे नाही. इथेही किलोमीटरपेक्षा गाडी कुठे आणि कशी चालली हेच महत्त्वाचे.

विजेच्या बसचा मुद्दा मला सगळ्यांत आशादायक वाटतो. १ जून २०२२ रोजी पुणे–नगर मार्गावर ‘शिवाई’ धावली, तेव्हापासून या गाड्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष आहे. उतारावर त्यांची मोटर जनित्रासारखी उलटी चालते आणि उंचीतल्या ऊर्जेचा मोठा भाग बॅटरीत परत जातो. वर मांडलेल्या हिशोबातले आठ कोटी ज्यूल म्हणजे तेवीस युनिट वीज होते. त्यातली निम्मी परत आली तरी तेवढा भार ब्रेकवरून उतरला. पण हीच बस महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून खाली सोडली, तर बॅटरीत जागाच नसते, मोटर ऊर्जा परत घेऊ शकत नाही, आणि पहिल्याच उतारावर सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. शिवाय एरवी फारसे न वापरले जाणारे ब्रेक पावसाळ्यात गंजतात. म्हणजे वरच्या स्थानकात चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचे हाही घाटाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नागपूरच्या किंवा सोलापूरच्या सपाटीवर बसून काढता येणार नाही.

करायचे काय, तर सुरुवात लहान करता येते. कोणती गाडी कोणत्या दिवशी कोणत्या मार्गावर गेली ही नोंद आगारात आधीच असते. प्रत्येक मार्गावर गाडी एकूण किती मीटर उतरते, हा आकडा रस्ता बदलेपर्यंत एकदाच काढून ठेवला तरी पुरतो. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा कळवणारे उपकरण सक्तीचे आहे, त्यामुळे नव्या गाड्यांच्या बाबतीत हे काम आणखी सोपे झाले. डॉकिंगच्या तक्त्यात किलोमीटरशेजारी ‘उतरलेले मीटर’ असा एक रकाना वाढवायचा, आणि प्रत्येक चाकाच्या दांड्याचे मोजमाप ‘ठीक’ असा शेरा न मारता मिलिमीटरमध्ये लिहायचे. मेढा आणि दहिवडी या दोन आगारांत एका जूनपासून पुढच्या जूनपर्यंत एवढेच केले, तर लायनरची झीज किलोमीटरशी जास्त जुळते की उताराशी, याचे उत्तर हातात येईल. ते उताराशी जुळले नाही, तर माझा हा युक्तिवाद चुकला असे म्हणायला मी तयार आहे. जुळले, तर केळघर घाटाने घेतलेले काम मेढ्याच्या कारागिराच्या नावावर कागदावर दिसू लागेल, आणि गाडी पिटवर घ्यायला हवी हे आगार व्यवस्थापकाला पटवून देण्यासाठी त्याला आपल्या अनुभवाची हमी द्यावी लागणार नाही.